सूर्य न पाहिलेली सप्तमी

मी तारखा सरकवते. तुम्ही काय काम करता असं कोणी विचारलं, की मी एवढंच सांगते. माझ्या नवऱ्याला हे उत्तर अजिबात पसंत नाही. तो बँकेत होता. त्याच्या मते अशानं ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई काहीतरी बेकायदेशीर करते. "संगणकाचं काम करते म्हण," असं तो सांगतो. पण संगणकाचं काम आता शाळेतली मुलंही करतात. माझ्या वाट्याला आलं ते हेच: कोणाची तारीख एक दिवस पुढे ने, कोणाची वेळ काही तास मागे घे, कोणाच्या महिन्याचा शेवटचा दिवस काढून दे. डिचोलीत नोकरी आणि मग पेडण्याच्या बाजारात बसस्टँडजवळ एक खोली घेऊन स्वतःचा धंदा, असं आयुष्य त्यात गेलं. सुखानं गेलं, हेही सांगून टाकते.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सोपं करून सांगते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीनं लिहून दिलेल्या सूचना. आधी हे कर, मग ते कर, अमुक झालं नाही तर तमुक कर. या सूचना लिहायच्या ज्या भाषा आहेत त्यांत तारखांसाठी फार गोड सोयी असतात. "एक दिवस मिळव" म्हटलं की तो मिळवतो. "पुढचा सोमवार" म्हटलं की सोमवारी नेऊन उभं करतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीतच हसले होते. संगणकाच्या पोटात खरं तर तारीख नसतेच. कोणी एकानं ठरवून दिलेल्या क्षणापासून तो नुसते सेकंद मोजत बसलेला असतो. त्या भल्यामोठ्या आकड्यातून आपल्याला मंगळवार, संध्याकाळ, महिनाअखेर असं सगळं काढून देणारी ही भाषा ज्यांनी घडवली, त्यांच्याबद्दल मला अजूनही आदर वाटतो.

अर्थात संगणक सांगितल्यापलीकडे शहाणपणा करत नाही. एकतीस जानेवारीत एक महिना मिळव म्हटलं तर बिचारा एकतीस फेब्रुवारी शोधायला जातो, ती सापडत नाही, आणि तीन मार्चला जाऊन उभा राहतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण "महिन्यान येतों" म्हणतो तेव्हा नक्की किती दिवस ते आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं.

डिचोलीत मी एका खाणीच्या कंत्राटदाराकडे हजेरीचं काम पाहायची. रात्रपाळी दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपायची. आधीच्या माणसानं लिहिलेली स्क्रिप्ट सहातून रात्रीचे दहा, म्हणजे संगणकाच्या घड्याळातले बावीस, वजा करायची आणि उणे सोळा तासांवर यायची. दोडामार्गहून येणारा मनोहर नावाचा कामगार आपल्या हजेरीचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाई, म्हणजे आता मीच कंपनीक सोळा तास देणा लागतंय?" उपाय सोपा होता. वेळेबरोबर तारीखही ठेवायची आणि पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची धरायची. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. मध्यरात्री दिवस बदलतो हे घड्याळाचं म्हणणं झालं. काम करणाऱ्या माणसाचा दिवस त्याचं काम संपल्यावर बदलतो.

दुसरं गिऱ्हाईक कोरगावची एक आई. मुलगा परदेशी जहाजावर स्वयंपाकघरात. जहाज पुढे सरकतं तशी तिथली घड्याळं मागेपुढे करतात, आणि हिला कळायचं नाही की फोन करावा की पोरगा झोपला असेल. मी तिच्या मोबाइलवर एक पान करून दिलं, त्यात जहाजावरची वेळ दिसायची. चार दिवसांनी ती परत आली. "म्हाका वरां-मिनटां नाकात," म्हणाली. "तो न्हिदला काय जेवता, तितलेंच दाखय." मग मी आकडे काढून टाकले आणि "कामाला", "जेवतोय", "झोपलाय" असे तीन शब्द ठेवले. ते पान मी केलेल्या कामांत मला सगळ्यात आवडतं.

आता भाईंबद्दल लिहिते, कारण खरं तर त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

भाई दशावतारी मंडळीचे मालक. पेडण्याकडच्या लोकांना दशावतार सांगायला नको, पण हा दिवाळी अंक लांबलांब जातो म्हणून सांगते. कार्तिकापासून आमच्याकडे देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की देवळापुढे पौराणिक नाटक होतं, ते उजाडेपर्यंत चालतं. कुठल्या देवळात कुठली मंडळी नाचणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात. भाईंचे वडील आणि त्यांचे वडील जिथे नाचले, तिथे भाई नाचतात. स्वतः राजाची भूमिका करतात, आणि उभे राहिले की साठी उलटलेला हा सडपातळ माणूस खरोखर राजा वाटतो.

जत्रा येते तिथीला, तारखेला नव्हे. भाई दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास पंचांग घेऊन बसत आणि सगळ्या गावांच्या तिथ्या तारखांत बसवत. मग नटांना कळवायचं, टेम्पो ठरवायचा, मोकळ्या रात्री सभागृहांतले प्रयोग घ्यायचे. चष्म्याचा नंबर वाढला तशी ती कटकट त्यांना सोसेना, आणि एके दिवशी ते माझ्या खोलीत आले.

मी स्क्रिप्ट लिहिली आणि लिहिताना मला खूप मजा आली. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर चालते, त्यामुळे एखादी लांब असते, एखादी आखूड. ज्या दिवशी सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची. माझी स्क्रिप्ट रोजच्या सूर्योदयाला थांबून विचारायची, आज कोणती तिथी, आणि त्या तिथीचं गाव त्या तारखेपुढे लिहायची. शिवाय एक गंमत करावी लागली. नाटक मध्यरात्रीनंतर रंगात येतं, पण गावाच्या हिशेबी ती आदल्याच दिवसाची रात्र. म्हणून स्क्रिप्टला सांगितलं की घड्याळातून आधी सहा तास वजा कर आणि मग विचार, आज कोणती तारीख. मनोहरची रात्रपाळी तेव्हा मला आठवली होती.

भाईंनी आग्रहानं एक नियम घालून घेतला होता. एका मंडळीला एका रात्री दोन गावं द्यायची नाहीत. दिली तर स्क्रिप्टनं थांबून लाल अक्षरांत ओरडावं. "म्हाका विसर पडटा," ते म्हणाले होते. "मशिनीक विसर पडपाक फावना."

पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या वर्षी भाई टेबलापलीकडे बसून पडद्यावरची गावं एकेक करून वाचत होते. मार्गशीर्ष वद्य षष्ठीला नदीकाठचं गाव होतं. गावांची नावं मी मुद्दामच सांगत नाही, दोन्हीकडचे लोक दिवाळी अंक वाचतात. त्याच्याखाली सप्तमीला डोंगराखालचं गाव यायला हवं होतं, तिथे दुसऱ्या दिवसाची अष्टमी आली होती.

"ताई, ही सप्तम खंय गेली?" भाईंनी विचारलं. "तुज्या मशिनीन आमचो एक गांव खाल्लो."

मलाही वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पण पंचांग उघडलं तर तिथेही तेच. त्या वर्षी सप्तमीचा क्षय होता. षष्ठीचा सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळानं सप्तमी लागत होती आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवण्याआधीच संपत होती. तिच्या वाट्याला सूर्योदयच आला नव्हता, म्हणून माझी स्क्रिप्ट रोज सकाळी थांबून विचारत राहिली तरी तिला ती भेटली नाही. अशी तिथी आदल्या दिवसातच साजरी करतात. मी सूचना बदलून पाहिली: सापडली नाही तर आदल्या दिवसाला जोड. लगेच पडदा लाल झाला. एक मंडळी, एक रात्र, दोन गावं.

भाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाबाच्या वेळार अशें जाल्लें. तेन्ना आमचेकडेन दोन नाटकांचे मनीस आसले. अर्दे हांगा, अर्दे थंय. आतां एकाच नाटकाक कशेबशे पुरतात."

मी माझ्या परीनं तारखा सरकवायचा धंदा केला. एक नाटक लवकर संपवून दुसरीकडे जाता येईल का पाहिलं. पण दोन्हीकडे पालखी मध्यरात्रीच्या आसपासच फिरून येते आणि उजाडेपर्यंत नाटक चालायलाच हवं. नदीकाठच्या गावात मानाचा नारळ भाईंच्या घराण्यातल्या पुरुषाच्याच हातात देतात, म्हणजे तिथे भाईंना स्वतः जाणं भाग; पूजा मात्र देवळातल्याच गणपतीची होते, मंडळीचा पेटारा नसला तरी अडत नाही. डोंगराखालच्या गावात वेगळी रीत. तिथे माणसाचा आग्रह नाही, पण भाईंच्या मंडळीचा पेटारा देवळात येऊन बसला पाहिजे. पेटारा म्हणजे वेताची मोठी पेटी, तिच्यात गणपतीचा मुखवटा आणि बाकीचे मुखवटे असतात. आधी त्याची पूजा होते, मगच तोंडाला रंग लागतो. आणि एखाद्या वर्षी त्या मंडळीचं नाटक झालं नाही, तर मान गेला.

शेवटी मी म्हटलं, आपण डोंगराखालच्या गावाला विनंती करू या, जत्रा एक दिवस पुढे न्या म्हणून. भाईंना ते पटलं नव्हतं, पण माझा लॅपटॉप आणि माझा उत्साह पाहून ते आले. देवळाचा कारभार पाहणारे मानकरी आमच्यापेक्षा तयार निघाले. त्यांनी पंचांग आधीच पाहिलं होतं आणि देवाला कौलही लावून झाला होता. कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून विचारणं. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"डावी पडली, भाई," मानकरी म्हणाले. ते भाईंच्याच वयाचे होते आणि त्यांना सांगताना जड जात होतं. "जत्रा त्याच रातीं. पेटारो हांगा येवपाक जाय आनी फुडें नाटक जावपाक जाय. तुमी येयनात जाल्यार दुसरी मंडळी आपोवची पडटली. मागीर मान तांचो. हांव किते करूं?"

भाईंनी हात जोडले. "तुमी किते करतले," एवढंच म्हणाले. माझा लॅपटॉप मी उघडलाच नाही.

परत येताना गाडीत भाई खिडकीबाहेर पाहत होते. मध्येच म्हणाले, "बाबा त्या देवळांत नाचतां-नाचतां जाणटो, म्हातारो जालो. हांवेंय थंयच पयलो राजा केल्लो." मला फार वाईट वाटलं. तारखेत एक दिवस मिळवायला माझ्या भाषेत एक ओळ पुरते. इथे ती ओळ कुठे लिहायची तेच मला कळत नव्हतं.

इथे नानांना आणलं पाहिजे. नाना सावंतवाडीकडचे, दुसऱ्या दशावतारी मंडळीचे मालक. त्यांचंही वेळापत्रक मीच करते. आपली ताई दुसऱ्याचंही काम करते हे दोघांना ठाऊक होतं आणि दोघांनी ते मला कधी विचारलं नाही. कारण भाई आणि नाना एकमेकांशी बोलत नसत. बाबली नावाचा नट भाईंकडे बायकांच्या भूमिका करायचा. तो दमयंती होऊन रडला की पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एका हंगामाच्या तोंडावर बाबली भाईंना सोडून नानांकडे गेला. भाई म्हणायचे, नानांनी फोडला. नाना म्हणायचे, तो आपल्या पायांनी आला. तेव्हापासून पत्रादेवीच्या रस्त्यावर दोघांचे टेम्पो समोरासमोर आले, तर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे आणि मालक दुसरीकडे पाहायचे.

डोंगराखालच्या गावाहून आम्ही आलो त्यानंतरच्याच आठवड्यात नाना माझ्याकडे आले. जाडसर, मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलत होते.

"ताई, एक काम होता. त्या षष्ठीच्या राती माझो हॉलातलो प्रयोग असा. तो एक दिवस फुडे ढकला."

मी पडद्यावर पाहिलं. त्यांना म्हटलं, दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसांची विश्रांती आहे, सबंध पंधरवड्यातली ती एकच मोकळी रात्र आहे.

"माका म्हायत असा. ढकला."

मी तारीख ढकलली. मग विचारलं, त्या रात्री कुठे जाणार? नानांनी खिशातून विड्याचं पान काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "भाईंचो मान जाता म्हणतत. ता बरा नाय. तेंका सांगा, माझी माणसा घेऊन मी जातंय त्या गावाक. नाव तेंच्याच मंडळीचा. पेटारो तेंचोच. माझो पेटारो माझ्या घरात ऱ्हवतलो."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना त्यांना. नाना एकदम उठले. "मी कसो सांगू? आमी बोलत नाय."

मग हे काम माझ्याकडे आलं. भाईंच्या घरी गेले, सोप्यावर बसून नानांचा निरोप सांगितला. भाईंचा चेहरा पाहून मला वाटलं, उगाच आले. "म्हजें नांव घेवन दुसरो नाचतलो?" ते म्हणाले. "ना, ताई. ताका सांग, मान वता जाल्यार वचूं. भीक नाका म्हाका."

मी नानांना फोन केला. मान गेला तर जाऊ दे म्हणतात, एवढंच सांगितलं; भीक हा शब्द गाळला, पण नानांना तो ऐकू आलाच असावा. मग म्हणाले, "तेंका सांगा, मी ल्हान होतंय तेव्हा त्याच पेटाऱ्याफुडे पयलो नाचलंय. माझ्या तोंडाक पयलो रंग भाईंच्या बापाशीन लावलेलो. मी भीक घालूक नाय जाणा. भाईंचो पेटारो माकाय घरचोच, तेच्याफुडे जातंय."

हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यासाठी मी पुन्हा रिक्षा करून भाईंच्या घरी गेले, कारण असलं काही फोनवर सांगायचं नसतं. सांगितल्यावर भाई उठून आत गेले. त्यांच्या बायकोनं मला चहा दिला, पाव दिला, माझ्या मुलीचं विचारलं. आम्ही दोघी आतल्या खोलीकडे न पाहता बोलत होतो. भाई बाहेर आले ते तोंड धुऊन. "ताका सांग," म्हणाले, "जत्रेच्या दनपारां येवन पेटारो व्हर."

त्या संध्याकाळी मी वेळापत्रक पुरं करायला बसले. नदीकाठचं गाव, भाईंची मंडळी. डोंगराखालचं गाव, भाईंची मंडळी. पडदा लाल. मीच घातलेला नियम माझ्याशी हुज्जत घालत होता. मी त्या एका रात्रीपुरता अपवाद लिहिला. आमच्यात अशा ओळीच्या वर, पुढच्या माणसाला समजावं म्हणून कारण लिहून ठेवायची पद्धत आहे. मी बराच विचार केला आणि लिहिलं, "या रात्री मंडळी खरोखरच दोन्हीकडे आहे." उद्या कोणी तरुण माणूस ही स्क्रिप्ट हातात घेईल तेव्हा त्याला ती चूक वाटेल आणि तो ती ओळ पुसून टाकेल, याची मला थोडी खंत आहे. स्वतः स्क्रिप्ट न लिहिता तयार साधनं वापरणारी हल्लीची मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा झपाट्यानं काम करतात. पण सप्तमी का सापडली नाही हे विचारायला ती थांबत नाहीत.

जत्रेच्या दुपारी नानांचा टेम्पो भाईंच्या दारात आला. मला दोघांनी वेगवेगळे फोन करून बोलावलं होतं. नाना चपला बाहेर काढून आत आले आणि पेटाऱ्यापुढे पालथे पडले. मोठं शरीर, उठायला वेळ लागला. भाई बाजूला उभे राहून पाहत होते.

"ताई, ताका सांग," भाई म्हणाले, "गणपतीचो मुखवटो सगळ्यांत वयर आसा. ताचेर कांय दवरप ना."

नाना माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी वळून, मुखवट्यावर काही ठेवू नका, असं त्यांना सांगितलं.

"तेंका सांगा, माका म्हायत असा," नाना म्हणाले.

मी तेही सांगितलं. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी पेटारा उचलला आणि टेम्पोपर्यंत नेला. पायरीपाशी भाईंचा तोल किंचित गेला तेव्हा नानांनी आपली बाजू खाली घेऊन सगळा भार स्वतःवर घेतला. त्याबद्दल कोणी काही सांगायला सांगितलं नाही.

टेम्पोत मागच्या बाकावर बाबली बसला होता, मान खाली घालून. भाईंनी त्याला पाहिलं. मला वाटलं आता सगळं फिसकटतं. भाई माझ्याकडे वळले. "ताई, सांग तांकां, बाबल्याक नाटकाआदीं तिखट दिवचें न्हय. ताचो गळो बसता."

बाबलीनं तोंडावर रुमाल घेतला. नानांनी नुसती मान हलवली आणि टेम्पो निघाला. भाई आपल्या मंडळीबरोबर नदीकाठच्या गावाला गेले. मी घरी आले. मी कुठल्याच जत्रेला गेले नाही, कारण कुठे जावं ते ठरवता येईना.

सकाळी नानांचा फोन. "ताई, तेंच्या घराकडे येवा. पेटारो परत देवचो असा. सांगूक कोणतरी व्हया."

मी पोचले तेव्हा भाई नुकतेच आले होते. कानांमागे रंग राहिला होता, डोळे लाल. नानांचेही तसेच. पेटारा खाली उतरवून जागेवर ठेवला, भाईंनी त्याला नमस्कार केला. मग नानांनी पिशवीतून एक नारळ काढला. शेंडीवर कुंकू होतं.

"ताई," नाना बसक्या आवाजात म्हणाले. रात्रभर बोलून घसा बसला होता, असं मी समजून घेतलं. "तेंका सांगा, नाटक उजवाडासर झाला. लोक उठाक तयार नव्हते. मानकऱ्यांनी ह्यो नारळ दिल्यानी. फुडल्या वर्साक भाईंच्या मंडळीकच बोलावल्यानी."

मी भाईंकडे वळले, सांगण्यासाठी तोंड उघडलं. पण भाई माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी दोन्ही हात पुढे करून नानांच्या हातांतून नारळ घेतला, कपाळाला लावला आणि पेटाऱ्यावर ठेवला. नाना दाराकडे वळू लागले होते. सोप्यावर भिंतीला लागून एक कदेल होतं, त्या घरातली ती एकच धड खुर्ची, आणि एरवी तिच्यावर फक्त भाई बसत. भाईंनी ती ओढून मध्ये आणली.

"नाना, बस," ते म्हणाले.

नाना बसले. भाई समोर पायरीवर बसले आणि आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, सवयीनं. पण आता कोणाला काही सांग असं मला कोणीच म्हणेना, तेव्हा मी पर्स उचलली आणि दुकान उघडायला निघाले.